बोळातला तबला

प्रिय अन्वर,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलतच असतो, पण लिहायची पाळी आज आली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. जन्म सगळा सेनगावच्या मार्केट यार्डात मापाडी म्हणून गेला, आकडे सोडून फारसं काही लिहिलं नाही. अक्षर वेडंवाकडं येईल, चालवून घे.

आज दुपारी मला एक भलतंच कळलं. कोणाला सांगावं म्हटलं, तर सगळ्यांना ते आधीच माहीत! मलाच तेवढं नव्हतं. मग उरलास तू एकटा. म्हणून तुलाच विचारतो, अरे, असं कोणी करतं का?

थांब, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर तू म्हणशील, "मापाडी, आधी काटा स्थिर होऊ दे, मग वजन सांग."

तुझा चाळिसावा दिवस झाला आणि भाभींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "मापाडीभाई, घर खायला उठतंय. तुमी येऊन बाजा लावत जा. त्यांच्या टायमाला." मी म्हटलं, लावतो. आलो. तुझी खुर्ची मोकळी, तिच्याशेजारी माझी. समोर तुझ्या हातच्या त्या दोन सागवानी स्पीकरच्या पेट्या, मधे अॅम्प्लिफायर, खाली टेप. सगळं तू ठेवलं होतंस तसंच. कॅसेट घातली, बटन दाबलं, आणि त्या टेपनं कॅसेटची फीत चघळून बाहेर काढली, पाटावरच्या शेवयांसारखी! मी घाबरून पिनच उपसली.

दुरुस्तीवाला आला, उघडून बघितलं आणि म्हणाला, "काका, याचे पार्ट आता कोणी ठेवत न्हाई. नवीन कायतरी घ्या."

नवीन कायतरी घ्या! इतकं सोपं होतं तर आपण दोघांनी एवढी वर्षं काय केलं?

आठवतं का, सीडी नावाची चीज पहिल्यांदा हिंगोलीला आली तेव्हा आपण खास जीपनं गेलो होतो? जीपमध्ये मी आत कोंबलेला, तू मागं लटकलेला. दुकानात तू डोळे मिटून ऐकलंस. मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो, कारण मला गाण्यातलं तुझ्याइतकं कधीच कळलं नाही. तुझ्या भुवया वर गेल्या की मी समजायचो, चांगलं आहे. त्या दिवशी तुझ्या भुवया पार टोपीला लागल्या होत्या! आणि डोळे उघडून तू काय म्हणालास? "आवाज साफ हाय, मगर थंडा. बर्फाचं पाणी पिल्यावानी." झालं. माघारी सेनगाव.

मग व्हीसीडी आली. तू म्हणालास, "ते सिनेमावाल्यांचं खेळणं." मग ते एमपीथ्री आलं, एका तबकडीत डब्बाभर कॅसेटींची गाणी. मला तर ते फार आवडलं होतं. तू म्हणालास, "गाण्याला चुरगाळून कोंबलंय त्यात. बाजाराच्या दिवशी आपली जीप भरतात तसं. पोचतात सगळे, पण कोणाचा सदरा धड राहतो का?" आणि तुझ्या पोरानं, इरफाननं, नांदेडहून कम्प्युटरचं काढलं तेव्हा तर तू हसून हसून खोकायला लागलास. "गाना सुनना हाय की टायपिंग करनी हाय?"

मी म्हणायचो, "अन्वर, जग पुढं चाललं. टेप कधीतरी दगा देईल."

तू म्हणायचास, "थांब की. अजून चांगलं येईल."

मी थांबलो. तुझा कान तो! मंडपात भोंगे लावून सगळी हयात गेलेला कान. त्यापुढं मी काय बोलणार? तू नाही म्हणालास की मला घरी जाऊनही झोप लागायची, कारण ठरवायचं काम माझ्यावर नव्हतं.

आणि आता तूच नाहीस, आणि ठरवायचं मी! तुला माहीत आहे माझा स्वभाव. यार्डात पोतं वजनाला लावलं तरी मी काट्याखाली वाकून बघायचो, खडा तर अडकला नाही ना. आता सीडी घ्यावी, तर उद्या तीही बंद पडली तर? डीव्हीडीचा प्लेअर घ्यावा, त्यात एमपीथ्रीही चालतं म्हणतात, तर त्याचा आवाज तुझ्या अॅम्प्लिफायरला सोसला नाही तर? इरफान फोनवर म्हणतो, "चाचा, कम्प्युटर घेऊन टाका, मी गाणी भरून देतो." पण लाईट अशी येऊन-जाऊन, तो जळाला तर भाभींना काय तोंड दाखवू? गया, म्हणजे माझी बायको, तुझी मानलेली बहीण, ती म्हणाली, "काहून एवढा जीव खाऊन राहिले? जे वाजंल ते घ्या." बायकांना काय कळतं, असं मी म्हणालो. हे आज मुद्दाम लिहितो, कारण पुढं वाचशील तेव्हा तू पोट धरून हसशील.

शेवटी निकाल भाभींनीच लावला. तुझ्या कपाटातून त्यांनी एक सीडी काढून माझ्या हातात ठेवली. वरचा चकचकीत कागदही न फाडलेली! बासरी आणि तबल्याची.

मी हादरलोच. "भाभी, ही कोणाची?"

"त्यांचीच की. कधीची आणून ठेवलीये."

"पण त्याला तर सीडी आवडत नव्हती!"

भाभींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. आज कळलं, हसत होत्या.

मला त्या सीडीचा उलगडाच होईना. जो माणूस गावभर सांगत फिरला की सीडी थंड, त्याच्याच कपाटात सीडी? माझ्यापासून लपवून? मला वाईट वाटलं रे. पण मग म्हटलं, तुझी इच्छा होती, बोलला नाहीस इतकंच. ठरलं! सीडी प्लेअरच घ्यायचा. आयुष्यात पहिल्यांदा मी एकट्यानं काहीतरी ठरवलं.

हिंगोलीहून प्लेअर आणला. मांडीवर घेऊन आलो, जीपमध्ये कोणाला टेकू दिलं नाही. लाल-पांढऱ्या पिना दुकानदारानं दाखवल्या तशा लावल्या. तुझी सीडी घातली. आणि अन्वर, काय ती बासरी! डाव्या पेटीतून अशी आली, जसं कोणी खिडकीत बसून वाजवतंय. भाभी आतल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

पण तबला कुठं होता?

मी वाट बघितली. म्हटलं मागून येत असेल. बासरी वाजली, थांबली, पुन्हा वाजली. तबला नाहीच. सीडीच्या डब्यावर तर दोन माणसांचे फोटो, एकाच्या पुढ्यात चांगला जोडीनं तबला. बासरी वाजवणारा मधेच थांबायचा, जणू समोरच्याला म्हणतोय, घे आता तू. आणि पुढं नुसती शांतता! चुकलं. माझ्याकडून चुकलं. बरोब्बर नको तीच वस्तू घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी प्लेअर पिशवीत घालून पुन्हा हिंगोली. दुकानदाराला म्हणालो, "तुमच्या मशीननं तबला खाल्ला."

त्यानं लावून दाखवला. दोन्ही वाजलं! बासरी इकडून, तबला तिकडून. तो म्हणाला, "काका, तबला सीडीत बराबर आहे, तुमच्या घरी न्हाई. उजव्या बाजूची पेटी तपासा. ती बंद असंल."

माझं डोकंच फिरलं. "ती पेटी कोणी बनवली ठाऊक हाय का? अन्वरभाईनं! सागवानात! इतकी वर्षं आमी तिच्यापुढं बसून ऐकतो, तिला नावं ठेवायची न्हाईत!" मी बरंच काही बोललो. दुकानातली माणसं बघायला लागली. तो बिचारा चहा मागवत होता, मी चहाही घेतला नाही.

तर आज दुपारची गोष्ट. प्लेअर परत जोडला. बासरी आली. तबला नाही. मी आवाज पुरा वाढवला, म्हटलं कुठंतरी बारीक येत असेल. उजव्या पेटीला कान लावला. काही नाही. काळ्या कपड्यावर बोटानं टकटक केलं, तर आतून डबा वाजावा तसा पोकळ आवाज आला. म्हटलं, घरून पेचकस आणावा आणि पेटी उघडून बघावी. प्लेअर तसाच चालू ठेवून निघालो.

आपल्या दोन घरांमधला बोळ तो केवढा? माणूस हात पसरून उभा राहिला तर दोन्ही भिंतींना लागतील. त्या बोळात आलो आणि तबला ऐकू आला.

मला वाटलं, मागच्या गल्लीत कोणाकडं कार्यक्रम असेल. पण आवाज माझ्या घरातून येत होता. पुढं गेलो. स्वयंपाकघरातून येत होता! दारात उभा राहून बघतो तर काय, गया पाय लांब करून तूर पाखडत बसलेली, आणि तिच्याशेजारी, कोपऱ्यातल्या त्या गळक्या माठातून, अन्वर, त्या गळक्या माठातून तबला वाजत होता!

भूत बघितल्यासारखं झालं. म्हणालो, "हे काय हाय?"

"तबला," ती म्हणाली. सूप खाली ठेवलं आणि उलट मलाच दरडावलं, "गाणं, तबला, समदं बराबर येत व्हतं आधी. कालपरवापासून नुसता तबलाच येऊन राहिला. तुमी तिकडं काय बिघडवलं?"

मी काय बिघडवलं! ऐकलंस?

तेवढ्यात लाईट गेली. तबला मधेच तुटला, आणि त्याच क्षणाला तुझ्या घरातली बासरीही. दोन्ही घरं एकदम गप्प. त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की हे दोन्ही एकाच तारेला बांधलेलं आहे. मी माठापाशी बसलो. गयानं पाणी दिलं.

मग तिनं सांगितलं. दर भाऊबीजेला ती तुला ओवाळायची, तू साडी द्यायचास. एका वर्षी ती म्हणाली, "भाऊ, यंदा साडी नको. तुमी दोघं तिकडं ऐकता, तिथं पुरुषमाणसांत येऊन बसायला मला बरं वाटत न्हाई. तुमचं गाणं इकडं येईल का?" तू म्हणालास, "गाणं का न्हाई येणार? त्याला काय जीपचं तिकीट लागतं?" दिवाळीनंतर यार्ड उघडलं, सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागली, मी दिवसभर तिकडं. तेवढ्यात तू तुझ्या उजव्या पेटीतला स्पीकर काढून गळक्या माठाच्या तोंडावर बसवलास. भोंगेवाला तू, माठात आवाज कसा घुमतो हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? पेटीवर काळा कपडा तसाच ताणून ठेवलास. आणि तार नेलीस बोळातून, कपडे वाळत घालायच्या दोरीला गुंडाळून!

त्या दोरीवर मी रोज माझा टॉवेल वाळत घातला, अन्वर! रोज!

मी विचारलं, "मला काहून न्हाई सांगितलं?"

गया म्हणाली, "तुमाला? बोळातून वायर गेलीये म्हटल्यावर तुमी झोपले असते का? आधी म्हणाले असते करंट लागंल, मग म्हणाले असते वीज मंडळाचा माणूस येईल, मग बसले असते कापून. भाऊ म्हणले, मापाडीला आपण नंतर सांगू."

खरंच कापली असती. पण तरी विचारतो तुला. एकदा सांगून तर बघायचं होतंस. मी ओरडलो असतो, घरभर फिरलो असतो, देवळात जाऊन बसलो असतो. आणि मग गप्प झालो असतो. तू मला एवढं ओळखत होतास, तर एवढंही ओळखायला हवं होतंस.

आणि तू किती पक्का! मी आल्याशिवाय तू कधी गाणं लावलं नाहीस. मी म्हणायचो, बघा, कसा दोस्त आहे, माझ्यावाचून ऐकत नाही. आता कळतंय, मी तुझ्याकडं येऊन बसलो की माझं घर मोकळं व्हायचं. गया माठावरचं झाकण काढायची. मी घरी असताना तो माठ मुका. मी एकदा म्हणालोही होतो, हा गळका माठ फेकून दे. ती म्हणाली, "त्यात मीठ हाय." मीठ!

एवढ्यात भाभी बोळातून आल्या. आम्हा दोघांना माठापाशी बसलेलं बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. हसत हसत रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "त्यांना सीडी लई पसंद होती, मापाडीभाई. हिंगोलीहून आले त्या दिवशी जेवले न्हाईत, नुसते तेच बोलत होते. पण म्हणाले, आपल्या जुन्या गाण्यात दोन्ही बाजूंना सारखंच वाजतं, कोणाला कळत न्हाई. सीडीत डावं वेगळं, उजवं वेगळं. सीडी आली की मापाडीला अर्धं ऐकू येईल, ताईला अर्धं. मग चोरी पकडली जाईल."

म्हणजे बर्फाचं पाणी, सिनेमावाल्यांचं खेळणं, कोंबलेली जीप, टायपिंग, हे सगळं बहाणे! मी ते तुझं ज्ञान म्हणून यार्डात लोकांना सांगत फिरलो रे. एकानं माझं ऐकून सीडी प्लेअर घ्यायचं रद्द केलं! आणि तू, ज्याला तो आवाज जेवण विसरायला लावण्याइतका आवडला होता, तू उरलेलं आयुष्य त्या घरघरणाऱ्या टेपवर काढलंस. का? तर माझ्या बायकोच्या माठातलं गाणं बंद पडू नये म्हणून.

याचं मी काय करू, सांग? राग येतो आणि तो राग ठेवायला जागा सापडत नाही.

मी भाभींना विचारलं, "मग ती सीडी कशाला आणून ठेवली?"

त्या म्हणाल्या, "म्हणायचे, एक दिवस मापाडीला समदं सांगून टाकणार. त्या दिवशी ही लावायची. बोलायची गरजच पडणार न्हाई, बासरी माझ्या घरात आणि तबला त्याच्या. म्हणायचे, बघू मग त्याचं तोंड कसं होतं."

बघितलंस का? बघितलं असशील तर सांग, कसं झालं होतं माझं तोंड?

मी गयाला म्हणालो, "मी हिंगोलीला जाऊन त्या दुकानदारावर ओरडून आलो. तेव्हा तरी सांगायचं व्हतं."

तिनं पुन्हा सूप उचललं होतं. वर न बघता म्हणाली, "म्हटलं, ओरडू द्या. भाऊ गेल्यापासून तुमी कोणावरच ओरडले न्हाई. मला त्याचीच धास्ती पडली व्हती."

मी माठाच्या तोंडावरच्या स्पीकरवर हात ठेवून बघितला.

मग भीत भीत विचारलं, "आता स्पीकर परत त्या पेटीत बसवावा लागंल ना? गाणं पुरं व्हायला?" तिचं सूप थांबलं. म्हणाली, "भावानं घातलेली ओवाळणी माघारी नेत असतेत व्हय? तुमचं तुमी बघा. माझा माठ हलणार न्हाई." मग हळूच, "बासरी मात्र ऐकाविशी वाटते एकदा."

संध्याकाळी लाईट आली. मी तुझ्या घरी गेलो, सीडी पहिल्यापासून लावली. खुर्चीत बसणार होतो, पण बसवेना. समोर ती रिकामी पेटी, एवढी वर्षं मला फसवत उभी. बाहेर पडलो. बोळात आलो आणि दोरीखाली थांबलो.

अन्वर, तिथं दोन्ही ऐकू येत होतं! तुझ्या खिडकीतून बासरी, माझ्या दारातून तबला. बासरीवाला थांबला की तबलेवाला बोलायचा, तो थांबला की हा. बरोब्बर मधे, डोक्यावर तुझी तार आणि तिच्यावर माझा टॉवेल. गया हात पुसत बाहेर आली, भाभी तिकडून आल्या. गयानं डोळे मिटले आणि तिच्या भुवया हळूहळू वर गेल्या, अगदी तुझ्यासारख्या. तिचा कान असा आहे हे मला कोणी सांगितलं होतं?

तर आता तुला शब्द देतो. पेटी रिकामीच राहील. माठ जागचा हलणार नाही. रोज तुझ्या वेळेला मी तुझ्याकडं सीडी लावीन आणि बोळात बाज टाकून बसेन, त्या दोघींसाठी दोन्ही उंबरे आहेतच. गया म्हणते, येत्या भाऊबीजेला ती तुझ्या त्या रिकाम्या पेटीलाच ओवाळणार. ताट मी धरीन.

आणि एक. तुझी तार दोन-तीन जागी उघडी पडली आहे, आज नीट बघितली. पावसाळ्याआधी तिला पट्टी गुंडाळायला हवी. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. मी स्वतः स्टुलावर चढून, माझ्या हातानं गुंडाळीन.

आधी मेन स्विच बंद करीन, तेवढं चालवून घे.

तुझा भित्रा,
मारोती मापाडी